पेलेट पिवळा होता

वहीत ती नोंद पहिल्याच दिवशी झाली होती. ‘२५ मायक्रोमोलर – पेलेट फिकट पिवळा.’ निळ्या बॉलपेनने, पानाच्या कडेला, अक्षर घाईतलं. (मायक्रोमोलर हे औषधाच्या तीव्रतेचं माप; पेलेट म्हणजे ट्यूब गरगर फिरवल्यावर तळाशी बसलेला पेशींचा थर.) पुढच्या सात आठवड्यांत ते पान आमच्यापैकी तिघांनी तरी उलटलं असेल. कुणीच तिथे थांबलं नाही. मीही नाही.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेक पेशी लेसरपुढून नेऊन तिची चमक मोजणारं मशीन, सांभाळते. मशीन सगळ्यांचं, बिघडलं की माझं. हे प्रकरण आमच्याच मजल्यावरचं. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि आकडे गोल केलेत. चूक मात्र जशी झाली तशीच मांडली आहे.

काय चाललं होतं

विद्यार्थिनी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय कर्क्युमिन, हळदीतला एक घटक. आपल्याकडे पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत हळदीचा एखादा प्रोजेक्ट नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. १९९७ मध्ये, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, सीएसआयआरने जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेतलं पेटंट रद्द करून घेतलं. तेव्हापासून तर ‘हळदच का?’ असं विचारायची सोयच राहिलेली नाही.

प्रश्न साधा होता. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना कर्क्युमिन दिलं तर त्या मरतात का, आणि मरतात तर अपॉप्टोसिसने, म्हणजे पेशीने स्वतःच आवरतं घेऊन मरावं तशा मरतात का. त्यासाठी ॲनेक्सिन-पीआय चाचणी लावायची. जिवंत पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेदरेणू पटलाच्या आतल्या अंगाला असतो. अपॉप्टोसिस सुरू झाला की तो बाहेर येतो. ॲनेक्सिन-५ हे प्रथिन कॅल्शियम असेल तर त्याला चिकटतं, आणि ॲनेक्सिनला एफआयटीसी हा हिरवा चमकणारा रंग जोडलेला असतो. पीआय, म्हणजे प्रोपिडियम आयोडाइड, लाल. तो धड पेशीत शिरू शकत नाही, पटल फाटलं की आत जाऊन डीएनएवर बसतो. फक्त हिरवी पेशी म्हणजे नुकती मरायला लागलेली, हिरवी आणि लाल दोन्ही म्हणजे मरून गेलेली. ही दुरंगी पद्धत १९९५ पासून छापील स्वरूपात आहे आणि तिचा किट आज कुठेही मिळतो. सोपी आहे, म्हणून डोळे मिटून केली जाते.

तिचे आकडे असे होते. काहीच न दिलेल्या पेशींत, म्हणजे कंट्रोलमध्ये, १०० पैकी २२ ॲनेक्सिन-पॉझिटिव्ह. १० मायक्रोमोलर कर्क्युमिनला ४५, २५ ला ७०. चोवीस तासांचं हे चित्र. अठ्ठेचाळीस तासांना २५ चाच आकडा खाली उतरून ५० वर आलेला.

सरांना, म्हणजे तिच्या गाइडना, कर्क्युमिनचे आकडे आवडले होते. डोस वाढवला की परिणाम वाढतो, याहून काय हवं? त्यांना खटकत होते ते सुरुवातीचे २२. धडधाकट पेशींतल्या इतक्या आधीच मरत असतील, तर पुढचं कोण वाचणार? तेव्हा माझ्याकडे आलेली तक्रार एवढीच होती: ‘कंट्रोलमध्ये बॅकग्राउंड फार येतंय, मशीन बघा.’

आधी ज्यांच्यावर संशय घेतला ते

मशीन बघितलं. नळीत आधीच्या माणसाच्या पेशी अडकल्या असतील म्हणून दहा मिनिटं नुसतं पाणी सोडलं, कॅलिब्रेशनचे मणी चालवले. सगळं जागच्या जागी होतं. हे मी जरा ठासूनच सांगितलं, कारण या मजल्यावर प्रयोग फसला की पहिलं बोट मशीनकडे आणि दुसरं माझ्याकडे असतं.

मग पाळी किटची. नवा मागवला, तो यायला अडीच आठवडे लागले, निकाल तोच. कंपनीच्या माणसाने फोनवर ॲनेक्सिन कमी-कमी करून बघायला सांगितलं. सल्ला चांगलाच होता. ५ मायक्रोलिटरवरून २.५ वर, तिथून सव्वावर. स्टॉरोस्पोरिन दिलेल्या पेशी, म्हणजे ज्या नक्की मरतात अशा पॉझिटिव्ह कंट्रोलच्या, त्यांची चमक प्रत्येक पायरीला उतरत गेली. कर्क्युमिनच्या पेशींची तसूभरही उतरली नाही.

इथेच थांबायला हवं होतं. रंग एकचतुर्थांश केला तरी चमक तेवढीच, तर ती चमक त्या रंगाची असेलच कशी? पण आम्ही सगळे त्या २२ च्या मागे लागलो होतो. कर्क्युमिनची ट्यूब ‘चांगली चाललेली’ ट्यूब होती, तिच्याकडे बघायचं कारणच नव्हतं.

बाविसांचा हिशेब

एका सकाळी मी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, ‘तू नेहमी करतेस तसंच कर, मी मध्ये बोलणार नाही.’

तिने फ्लास्कमधलं मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, काढून ट्यूबमध्ये ठेवलं. बरोबर केलं. मेलेल्या पेशी तळ सोडून त्या मीडियममध्ये तरंगत असतात, ते ओतून दिलं तर मेलेल्यांची मोजदादच होत नाही. पण त्यानंतर पेशी न धुता तिने थेट ट्रिप्सिन, म्हणजे पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम, घातलं.

‘धुवत नाहीस?’ न बोलण्याचं वचन मी दोन मिनिटांत मोडलं.

‘धुतलं तर सैल झालेल्या पेशी वाहून जातात ना, मॅडम.’

विचार बरोबर, परिणाम उलटा. मीडियममध्ये १० टक्के सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) असतं आणि सीरम ट्रिप्सिनला अडवतं. तळाशी राहिलेल्या थेंबाथेंबाने ट्रिप्सिन अर्धमेलं होत होतं, त्यामुळे पेशी तीन मिनिटांत सुटायच्या त्या सुटत नव्हत्या. मग फ्लास्क पुन्हा इन्क्युबेटरमध्ये. तेवढ्यात हूडवर दुसरं कुणी बसलेलं. बाहेर यायला बारा मिनिटं झाली. एमसीएफ-७ तशाही घोळक्याने राहणाऱ्या पेशी, एकमेकींना सोडत नाहीत. म्हणून फ्लास्कला तळहाताने दोन थपडा, आणि १ मिलिलिटरच्या टिपने वीस-पंचवीस वेळा वरखाली. ताक घुसळावं तसं.

एवढं सोसलेल्या पेशींची पटलं फाटणारच. फाटलेल्या पेशीत ॲनेक्सिन सरळ आत जातं आणि आतल्या अंगाला जे फॉस्फॅटिडिलसेरीन मुळातच असतं त्याला चिकटतं. पीआयही आत जातो. तिचा जुना आलेख काढला तर २२ पैकी पंधरा-सोळा पेशी उजव्या वरच्या चौकोनात, म्हणजे हिरव्या आणि लाल दोन्ही. अपॉप्टोसिस नव्हता तो. आम्हीच केलेली मोडतोड होती.

उपाय घरगुतीच निघाला. पेशी कॅल्शियम नसलेल्या पीबीएसने, म्हणजे क्षारांच्या साध्या द्रावणाने, धुवायच्या, आणि ते धुवण सांडायचं नाही, आधीच्या मीडियमच्याच ट्यूबमध्ये टाकायचं, म्हणजे वाहून जायची भीती उरत नाही. ट्रिप्सिन तीन मिनिटं, तीही मायक्रोस्कोपखाली बघत. पेशी गोल झाल्या की लगेच सीरमवालं मीडियम घालून थांबवायचं. मग अर्धा तास ३७ अंशांवर पेशींना दम खाऊ द्यायचा. ट्रिप्सिनच्या द्रावणात ईडीटीए असतं ते सेंट्रिफ्यूज करून पुरतं काढून टाकायचं, कारण ते कॅल्शियम ओढून घेतं, आणि कॅल्शियम गेलं की ॲनेक्सिन चिकटतच नाही. त्याने खोटे पॉझिटिव्ह येत नाहीत, उलट खरे हरवतात. पेशी ज्यात रंगवतो त्या बफरमध्ये कॅल्शियम असतं २.५ मिलिमोलर. ट्यूबच्या तळाशी राहिलेलं थोडं ट्रिप्सिन त्याला फारसं हरवत नाही, पण ट्यूब न उपडता बफर ओतणारे लोक मी पाहिले आहेत.

पुढच्या खेपेला कंट्रोल ७ वर आला. सगळ्यांना हायसं वाटलं. सरांनी चहा मागवला.

शनिवार दुपार

तक्रार मिटली होती. मला काम नव्हतं म्हणून मी तिच्या फाइली उघडून बसले. कंट्रोलमधली मोडतोड गेली तर कर्क्युमिनच्या आकड्यांतूनही तेवढे वजा व्हायला हवेत. २५ ला ७० येत होते ते साधारण ५५ वर यायला हवे होते. ते ६६ होते.

आम्ही सगळे चौकोनांतले टक्के बघतो. ठिपक्यांचा आलेख, त्यावर अधिकचं चिन्ह, चार कोपऱ्यांत चार आकडे. मी चौकोन काढून टाकले आणि नुसत्या हिरव्या चॅनलचे हिस्टोग्राम, म्हणजे किती पेशी किती चमकतात याचे आलेख, एकावर एक ठेवले.

स्टॉरोस्पोरिनच्या आलेखाला दोन उंचवटे होते. डावीकडे न मेलेल्या पेशी, उजवीकडे कितीतरी पट जास्त चमकणाऱ्या मरणाऱ्या, मध्ये दरी. असंच दिसायला हवं. पेशी एकेक करून मरतात, सगळ्या एकदम अर्धवट मरत नाहीत. कर्क्युमिनच्या आलेखाला मात्र उंचवटा एकच. दरी नाही, शेपूट नाही. अख्खा ढीग जसाच्या तसा उजवीकडे सरकलेला. १० ला थोडा, २५ ला जास्त. हळदीच्या मांडवात नवरी कोण नि करवली कोण हे कळू नये, सगळ्याच पिवळ्या, तसं.

आणि मग टक्के कुठून येत होते तेही दिसलं. पॉझिटिव्ह-निगेटिव्हची रेघ जागेवर होती. ढीग सरकत सरकत तिच्यावरून चालला होता. डोस वाढला की ढिगाचा जास्त भाग रेघेपलीकडे जायचा. सरांना आवडलेला तो सुंदर चढता आलेख म्हणजे एवढंच.

तिला फोन केला. ‘निगेटिव्हची रेघ कुठल्या ट्यूबवरून मारलीस?’

‘न रंगवलेल्या कंट्रोलवरून, मॅडम.’

‘म्हणजे कर्क्युमिन न दिलेल्या?’

‘हो. डीएमएसओची पण आहे.’

‘कर्क्युमिन दिलेली, पण रंग न घातलेली आहे?’

पलीकडून काही वेळ फक्त बसच्या दाराचा आवाज आला. मग, ‘पेलेट पिवळा दिसायचा, मॅडम. मी लिहून ठेवलंय.’

डीएमएसओ हा विद्रावकाचा कंट्रोल. औषध ज्यात विरघळवलं त्याने पेशी मरत नाहीत ना, एवढंच तो सांगतो. औषधाला स्वतःचा रंग असेल तर त्याबद्दल तो काय सांगणार? डीएमएसओ तर पाण्यासारखं स्वच्छ.

सोमवारच्या आठ ट्यूब

काही न दिलेल्या, स्टॉरोस्पोरिनच्या, १० कर्क्युमिनच्या आणि २५ कर्क्युमिनच्या पेशी. प्रत्येकीच्या दोन ट्यूब, एक ॲनेक्सिन घातलेली आणि एक तशीच. तिने ट्यूब रॅकमध्ये लावल्या आणि रॅक खिडकीच्या उजेडात धरला. २५ च्या दोन्ही ट्यूबच्या तळाशी साय जमावी तसा थर होता, पिवळसर. शेजारच्या ट्यूबमधला पांढरा.

२५ ची न रंगवलेली ट्यूब मशीनला लावली. ॲनेक्सिनचा एक थेंबही नसलेल्या त्या ट्यूबमध्ये ‘ॲनेक्सिन-पॉझिटिव्ह’ निघाल्या १०० पैकी ५८.

उरलेली शंका फेडायला आणखी एक गंमत केली, आणि ही मी आता प्रत्येकाला सांगते, कारण तिला नवा पैसा लागत नाही. रंगवलेल्या ट्यूबमध्ये ५ मिलिमोलर ईडीटीए टाकलं. कॅल्शियम गेलं की ॲनेक्सिनची पकड सुटते. स्टॉरोस्पोरिनचा उजवा उंचवटा कोसळला, कर्क्युमिनचा ढीग होता तिथेच राहिला. म्हणजे जे चमकत होतं ते ॲनेक्सिन नव्हतंच.

कारण पुस्तकी आहे. कर्क्युमिन सर्वांत जास्त प्रकाश शोषतं ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, पण त्याचा उतार ४८८ च्या निळ्या लेसरपर्यंत पोचतो. शोषलेला प्रकाश ते हिरव्या-पिवळ्या पट्ट्यात परत सोडतं, नेमका आपला ५३० चा एफआयटीसीचा फिल्टर असतो तिथे. पाण्यात त्याची चमक मंद असते. पण ते मेदात रमणारं, पेशीच्या पटलात जाऊन बसतं आणि तिथे उजळतं. म्हणून नुसतं द्रावण तपासून ‘चमकत नाही’ म्हणणं फसवं आहे. त्याचा पट्टाही रुंद, शेजारच्या पीआयच्या चॅनलमध्ये सांडतो. एफआयटीसी किती सांडतं ते आपण मोजून वजा करतो, पण ते माप एफआयटीसीचं, कर्क्युमिनला लागू पडत नाही. त्यामुळे पीआयही खोटा वाढत होता आणि ‘उशिराच्या अपॉप्टोसिस’चा चौकोनही भरत होता.

अठ्ठेचाळीस तासांना आकडा का उतरला होता? ‘मेलेल्या पेशी फुटून गेल्या असतील,’ असं आम्ही म्हणालो होतो. कर्क्युमिन ३७ अंशांवर टिकत नाही, हे १९९७ पासून छापलेलं आहे. सीरम नसलेल्या बफरमध्ये अर्ध्या तासात ९० टक्के मोडतं, १० टक्के सीरम असेल तर आठ तासांत जवळपास निम्मं. दोन दिवसांनी पेशींत ते कमी उरलं होतं, म्हणून पेशी कमी चमकत होत्या.

ट्रिपॅन ब्लूने, म्हणजे फक्त मेलेल्या पेशीत शिरणाऱ्या निळ्या रंगाने, मोजलेल्या मेलेल्या पेशी पहिल्यापासून शंभरात बारा-पंधराच होत्या. त्या वेळी आम्ही काय म्हणालो? ‘ट्रिपॅन ब्लू सुरुवातीचा अपॉप्टोसिस दाखवत नाही.’ वाक्य खरं आहे, म्हणून ते सगळ्यांना पटलं. मायक्रोस्कोपखाली फ्लास्कभर पेशी तळाला घट्ट बसलेल्या दिसत होत्या, शंभरातल्या सत्तर मरायला टेकल्यात असं त्यांच्याकडे बघून कुणी म्हटलं नसतं. पण आकडा मशीनने दिला होता, आणि मशीनपुढे डोळ्यांचं कोण ऐकतो.

कॅस्पेस-३ चं प्रकरण

हा भाग लिहायला मला सर्वांत अवघड जातोय. मधल्या काळात सरांनी सुचवल्याप्रमाणे तिने वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे ठराविक प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी, केला होता, अपॉप्टोसिसमध्ये कापलं जाणारं कॅस्पेस-३ हे एन्झाइम दिसतं का बघायला. पट्टी आलीच नाही. इकडे ॲनेक्सिन सत्तर टक्के, तिकडे कॅस्पेस-३ शून्य. दोन्ही जोडून निष्कर्ष तयार झाला: कर्क्युमिन कॅस्पेसशिवाय अपॉप्टोसिस घडवतं. नवं काहीतरी! त्यावर प्रबंधातलं एक प्रकरण बेतायचं ठरत होतं.

एमसीएफ-७ पेशींत कॅस्पेस-३ नसतंच. त्याच्या जनुकातल्या ४७ बेस गळालेल्या आहेत, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं आहे. त्या पेशींत ती पट्टी जन्मात आली नसती, कुठलंही औषध दिलं तरी. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच वर्गात शिकवलं होतं, मी तिथे बसले होते. पण एक खोटा ‘हो’ आणि एक निरर्थक ‘नाही’ यांची गाठ इतकी चपखल बसली की सोडायला कुणी बोट घातलं नाही.

मंगळवारी ती आणि मी सरांकडे गेलो. तिने आठ ट्यूबचे हिस्टोग्राम टेबलावर ठेवले. सर बराच वेळ बघत राहिले, मग चष्मा काढून म्हणाले, ‘मागच्या मुलाच्या फाइली पण काढा.’ म्हणजे तिच्या आधीच्या विद्यार्थ्याच्या. त्याचंही काम कर्क्युमिनवरच होतं, आणि त्यातही औषध दिलेली न रंगवलेली ट्यूब नव्हती. ते सापडायला दहा मिनिटं लागली, त्याला ई-मेल लिहायला सरांना दोन दिवस.

पुन्हा मांडणी

रंग बदलले. ॲनेक्सिन एपीसी हा लाल चमकणारा रंग जोडलेलं घेतलं, ते लाल ६४० च्या लेसरवर चालतं, आणि तो प्रकाश कर्क्युमिन शोषत नाही. पीआयऐवजी ७-एएडी, दूरच्या लाल फिल्टरमधून. कुणीतरी जांभळ्या ४०५ लेसरवरचे रंग सुचवले होते, ते तिथल्या तिथे नाकारले. ४०५ वर तर कर्क्युमिन ४८८ पेक्षाही जोरात पेटतं. शिवाय प्रत्येक डोसची आणि प्रत्येक वेळेची न रंगवलेली ट्यूब, कारण चमक डोसनुसार आणि तासांनुसार बदलते, एका ट्यूबवर सगळ्यांच्या रेघा मारता येत नाहीत. सीरमवाल्या मीडियमने दोनदा धुऊनही पाहिलं. सीरममधलं अल्ब्युमिन कर्क्युमिनला धरतं, त्यामुळे पिवळेपणा पीबीएसपेक्षा बराच जास्त उतरला. पुरता नाही.

प्रकाशावर अजिबात न विसंबणारा पुरावाही हवा होता. एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेस-७ शाबूत असतं आणि ते पार्प हे प्रथिन कापतं. ११६ किलोडाल्टनची पट्टी कमी होऊन ८९ ची उमटते. स्टॉरोस्पोरिनला ती ठसठशीत आली. २५ कर्क्युमिनला आली, पण फिकट.

नव्या रंगांनी आकडा निघाला १९, कंट्रोल ६. म्हणजे कर्क्युमिनने काही पेशी अपॉप्टोसिसनेच मरतात, साध्यासुध्या, कॅस्पेसमार्फत. सत्तरावरून एकोणीस. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, ‘बरं झालं, मॅडम. अठ्ठेचाळीस तासांचं मला काही केल्या समजावून सांगता येत नव्हतं.’

सुविधेच्या नोंदणी अर्जात आता मी एक ओळ वाढवली आहे: ‘औषधाला स्वतःचा रंग आहे का? न रंगवलेली, औषध दिलेली ट्यूब आणली आहे का?’ डॉक्सोरुबिसिनवाले तिथे थबकतात. कर्करोगावरचं ते औषध निळ्या लेसरवर नारिंगी-लाल चमकतं आणि थेट पीआयच्या चॅनलमध्ये बसतं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या कॉलेजमधून एक मुलगा आला. कुठल्याशा झाडाच्या पानांचा अर्क, मिथेनॉलमध्ये काढलेला. त्याने या प्रकरणाबद्दल ऐकलं होतं, म्हणून तयारीने आला होता. म्हणाला, ‘मॅडम, मी आधीच एपीसी आणि ७-एएडी घेतलंय, म्हणजे अर्काच्या रंगाचा प्रश्नच नाही.’

मी त्याच्या हातातली ट्यूब घेतली आणि उजेडात धरली. पानांतलं क्लोरोफिल ६७० च्या आसपास लाल चमकतं, बरोबर एपीसीच्या फिल्टरमध्ये. पेलेट हिरवा होता.